मधलं नाव

आजी गेल्यावर वारसनोंदीसाठी जुने फेरफार काढावे लागले. अठरा गुंठ्यांचा तो तुकडा तिच्या माहेरकडून आलेला. तलाठ्यांनी नोंदवहीचं पिवळं पडलेलं पान पुढं केलं आणि एका ओळीवर बोट ठेवलं. तिथं आजीचं नाव, मग 'कोम', मग आजोबांचं नाव आणि आमचं आडनाव होतं. कोम म्हणजे अमक्याची बायको. त्याच पानावर वरच्या नोंदीत कुणी शेतकरी 'बिन' लावून बापाच्या नावाला जोडला होता. खालच्या नोंदीत एका मुसलमान शेतकऱ्याच्या नावापुढं 'वलद' होतं. बिन काय, वलद काय, दोन्हींचा अर्थ मुलगा. अरबीतून दफ्तरात आलेले हे शब्द जमिनीच्या कागदांवर पिढ्यान्‌पिढ्या मुक्कामाला राहिले.

आणखी मागची पानं उलटली, तर मूळ नोंदीत भलतंच नाव. वडील ओळखीचे, आजीच्या माहेरचं आडनाव ओळखीचं, पण मुलीचं नाव आमच्यापैकी कुणी कधी ऐकलंच नव्हतं. बाबांना विचारलं, तेही गप्प. आजीचं लग्नाआधीचं नाव तिच्या मुलाला साठ वर्षांत कळलं नव्हतं. ही दोन्ही नावं एकाच बाईची, असं प्रतिज्ञापत्र करून दिलं तेव्हा नोंद पुढं सरकली.

त्या दिवसापासून मराठी नावांच्या घडणीकडे मी निरखून पाहत आले आहे. स्वतःचं नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव आणि आडनाव, ही तीन घरांची पट्टी आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे की सगळीकडे असंच असणार असं आपण धरून चालतो. खरं तर ही रीत मुख्यतः महाराष्ट्राची, गुजरातची आणि त्यांना लागून असलेल्या मुलखाची. तमिळनाडूत वडिलांच्या नावाचं आद्याक्षर आधी येतं. उत्तरेत मधे 'कुमार', 'प्रसाद', 'नाथ' येतं आणि तो स्वतःच्याच नावाचा दुसरा तुकडा असतो. आपल्याकडे मधलं घर 'कुणाचा' किंवा 'कुणाची' या प्रश्नाचं उत्तर देतं. आडनावांवर आपण भरपूर बोलतो, त्यांचे अर्थ लावतो, त्यांवरून जात काढू पाहतो. मी मात्र जसजशी वाचत गेले, तसतसं मला उलटंच दिसत गेलं. मराठी नावातला सर्वांत अलीकडे पक्का झालेला आणि सर्वांत सैल भाग आडनाव हा आहे. जुनं आहे ते मधलं नाव, आणि आजचे खरे वाद तिथंच चालू आहेत.

नाशिकच्या पांडवलेण्यांत तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात गौतमी बलश्रीचा प्राकृत लेख आहे, इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातला. आपला मुलगा गौतमीपुत्र सातकर्णी याचा पराक्रम एक आई सांगते आहे. तेव्हा गादीवर नातू आहे आणि त्याचं नाव वासिष्ठीपुत्र पुळुमावी. सातवाहनांच्या नाण्यांवरही हीच तऱ्हा, राजाच्या नावाला आई जोडलेली. राज्य बापाकडून मुलाकडे जायचं, ओळख मात्र आईवरून सांगायची. यावरून त्या काळी बायकांची सत्ता होती असा अर्थ काढायची घाई काही जण करतात, ती करू नये. 'गौतमी' हे बलश्रीचं स्वतःचं नाव नव्हे, ते गोत्रावरून आलेलं आहे. राजाला राण्या अनेक, त्यांतल्या कुठल्या घरातून आलेल्या राणीचा हा मुलगा, हे त्यातून कळायचं. आई नावात होती, पण गोत्राच्या रूपाने. बलश्री हे तिचं नाव आपल्याला माहीत आहे ते तिने स्वतःच लेख कोरवून घेतला म्हणून.

मध्ययुगात या, तर मधल्या घरात बाप बसलेला दिसतो. शिवाजी महाराजांच्या संस्कृत मुद्रेत 'भोसले' नाही, ते शहाजींचे पुत्र आहेत. पेशव्यांच्या शिक्क्यात 'भट' हे आडनाव सापडत नाही, 'बाजीराव बल्लाळ' सापडतं. बल्लाळ म्हणजे बाळाजी, त्यांचे वडील. बाळाजी विश्वनाथांचे बाजीराव बल्लाळ, त्यांचे बाळाजी बाजीराव, त्यांचे माधवराव बल्लाळ. नातवाला आजोबांचं नाव ठेवायची चाल असल्याने तेच नाव एक पिढी सोडून परत येतं. मग एका बाळाजीला दुसऱ्या बाळाजीपासून वेगळं काढायचं कशाने? मधल्या नावाने. इतिहासाचं पुस्तक वाचणाऱ्या शाळकरी पोरालाही हे काम तेच नाव करून देतं.

याच चालीतून घराघरांत आणखी एक गोष्ट घडली. आजोबांचं नाव नातवाला ठेवलं की सुनेची पंचाईत. सासऱ्याचं नाव तोंडाने घ्यायचं नाही, मग पोराला हाक कशी मारायची? म्हणून बाळ, बापू, नाना, अण्णा, भाऊ. पाळण्यातलं नाव एक आणि हाकेचं दुसरं, असे दोन धागे प्रत्येक घरात चालत आले. टिळकांचं पाळण्यातलं नाव केशव होतं. घरातली 'बाळ' ही हाकच 'बाळ गंगाधर' होऊन इतिहासात गेली. हाकेचं नाव बदललं तरी मधला गंगाधर जागचा हलला नाही.

आता आडनावाकडे वळू. 'आड' म्हणजे आडवं, बाजूला पडलेलं. कन्नडमध्येही 'अड्डहेसरू' हा शब्द असाच घडला आहे. हे मुख्य नाव नव्हे, हे शब्दच सांगतो.

सर्वांत ओळखीची तऱ्हा '-कर'ची. पेणमध्ये राहणाऱ्याला कुणी पेणकर म्हणणार नाही, तिथं सगळेच पेणचे. तिथून उठून दुसरीकडे वस्ती केली की नव्या गावचे लोक विचारतात, कुठले तुम्ही? उत्तर चिकटतं आणि पोरांना वारशाने मिळतं. म्हणून '-कर' लागलेलं बहुतेक आडनाव ही गाव सोडल्याची खूण समजावी. कोकणात आणि गोव्यात ही आडनावं इतकी दाट आहेत, याचं कारण मला तिथल्या डोंगरउतारावरच्या तुटपुंज्या शेतीत दिसतं. माणसं सतत बाहेर पडत राहिली आणि जाताना गाव नावात बांधून नेत राहिली. होळकर नीरेकाठच्या होळ गावचे. इंदूरला राज्य उभारलं, तरी होळ सुटलं नाही. दीनानाथांनी गोव्यातल्या मंगेशी गावावरून मंगेशकर हे आडनाव लावलं. त्याच देवळातल्या अभिषेकाच्या सेवेवरून अभिषेकी आले. एका देवळाच्या आवारातून निघालेल्या या दोन आडनावांनी मराठी माणसाचा कान घडवला, याचं मला फार अप्रूप वाटतं.

ही तऱ्हा हिंदूंपुरती नाही. शतकानुशतकं कोकणात तेल गाळत आणि शेती करत राहिलेल्या बेने इस्रायल ज्यूंची आडनावं पाहा. पेणकर, रोहेकर, किहीमकर, नवगावकर. त्यांच्या पूर्वजांचं गलबत फुटलं ते नवगावच्या किनाऱ्याला, अशी त्यांची परंपरा आहे. इस्रायलमध्ये जाऊन स्थायिक झालेल्या घरांनी रायगडातली ही गावं तिकडंही नेली. गोव्यातल्या ख्रिस्ती कुटुंबांचं मात्र उलटं झालं. पोर्तुगीजांच्या अमलात बाप्तिस्मा देणाऱ्या पाद्रीचं किंवा धर्मपित्याचं आडनाव लागलं आणि डिसोझा, फर्नांडिस, परेरा गावोगाव झाले. कित्येक घरांनी मूळचं प्रभू, कामत, पै हे आडनाव आठवणीत जपून ठेवलं आहे. कागदावरचं एक, मनातलं एक.

दुसरी मोठी रास हुद्द्यांची. गावचा पाटील, त्याच्या शेजारी हिशेब लिहिणारा कुलकर्णी. परगण्याचा देशमुख, त्याच्या शेजारी देशपांडे. लिहिणारा तो फारसीत 'नवीस', मराठीत झाला 'नीस'. चिठ्ठ्या लिहिणारा चिटणीस, फौजेची हजेरी ठेवणारा सबनीस, फारसी पत्रव्यवहार सांभाळणारा पारसनीस, खजिन्याचा पोतनीस. फर्द लिहिणारा फडणवीस. नाना फडणवीसांचं खरं आडनाव भानू, आणि नाव बाळाजी जनार्दन. हुद्दा इतका मोठा झाला की आडनाव झाकून गेलं. १९५० साली मुंबई राज्यात परगणा व कुलकर्णी वतनं रद्द करण्याचा कायदा झाला. गावचा हिशेब सरकारी तलाठ्याकडे गेला, वतन गेलं आणि कुलकर्णी हा निव्वळ शब्द उरला. आज तो शब्द लावणाऱ्यांपैकी कितीतरी जणांनी सात-बारा हातात धरलेला नसेल.

पाटील या शब्दाचं तर आणखी वेगळं. मराठा, कुणबी, लेवा, आगरी, कोळी, जैन, लिंगायत, मुसलमान, सगळ्यांत पाटील आहेत. खानदेशातल्या एखाद्या गावाची मतदारयादी उघडा. आडनाव आधी लिहायची आपली पद्धत, त्यामुळे पानभर डाव्या बाजूला पाटील, पाटील, पाटील अशी उतरंड लागते. त्यात पहिलं नावही तेच निघालं की मतदान केंद्रावरचा कर्मचारी वडिलांच्या नावावर बोट ठेवून माणूस शोधतो. मधलं नाव नसतं तर त्या यादीचं काय झालं असतं, हे त्या टेबलामागं बसलेल्यालाच विचारावं.

टोपणनावांवरून पडलेल्या आडनावांची रास गमतीने पुष्कळदा मांडली गेली आहे. वाघ, कोल्हे, लांडगे, गाढवे, भोपळे, मुळे, साखरे. शिवाय पाचपुते, सातपुते, अष्टपुत्रे, दहातोंडे, विसपुते, हजारे. प्रत्येक घराकडे आपल्या आडनावामागची एक गोष्ट असते. त्यांतल्या बऱ्याच गोष्टी आडनाव पडून गेल्यावर रचल्या गेल्या असाव्यात, असं माझं मत आहे. म्हणून त्यांच्यावर फार वेळ घालवत नाही.

कुळी हा मात्र गंभीर विषय. जाधव यादवांशी, कदम कदंबांशी, शेलार शिलाहारांशी, साळुंखे चालुक्यांशी नातं सांगतात. शब्दांचं नातं पटण्यासारखं आहे, रक्ताचं सिद्ध करणं फार कठीण. लग्न जुळवताना जुनी माणसं आडनावावर थांबत नाहीत, देवक विचारतात. देवक एक असेल तर आडनाव वेगळं असूनही सोयरीक होत नाही. कुळी एक आणि आडनाव निराळं, असंही चालतं. तुकाराम महाराजांची कुळी मोरे, आडनाव आंबिले. मग 'खरं' आडनाव कुठलं? त्या काळच्या माणसाला हा प्रश्न पडलाच नसता.

कारण आडनाव हे सवडीने धरायचं आणि सोडायचं नाव होतं. साताऱ्याच्या कटगुणचे गोऱ्हे पुण्यात फुलांच्या धंद्यामुळे फुले झाले, आणि दोनच पिढ्यांत जोतीराव आणि सावित्रीबाईंनी त्या शब्दाला असा अर्थ दिला की मूळ आडनाव आज सांगावं लागतं. एका भावाची शाखा हुद्दा लावते, दुसऱ्याची गाव लावते, तिसऱ्याची जुनंच उपनाव चालवते, असे वंशवृक्ष कुलवृत्तांतांच्या पानापानांवर दिसतात. महाराष्ट्राच्या कडेला गेलं की रंग आणखी बदलतो. चंद्रपूर, गडचिरोली, नांदेडकडे तेलुगू शेजारामुळे '-वार' येतं, जसे मुनगंटीवार, वडेट्टीवार. ग्वाल्हेरला शिंद्यांचे सिंधिया झाले. तंजावरच्या मराठी माणसांनी आडनाव मागं टाकून 'राव' शेपटाला ठेवला. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदा अशा तीन संस्थानांची दिवाणगिरी केलेले सर टी. माधवराव त्यांतलेच. त्यांचा 'टी' म्हणजे तंजावर. गाव शेवटून उठून पहिल्या अक्षरात जाऊन बसलं. बंगळूरच्या मराठी घरात जन्मलेले शिवाजीराव गायकवाड पडद्यावर रजनीकांत झाले, तेव्हा तर काहीच मागं राहिलं नाही. मॉरिशसला ऊसमळ्यांवर गेलेल्या मजुरांच्या नोंदींत नाव आणि बापाचं नाव एवढंच असायचं, आणि पुढच्या पिढ्यांत ते आजोबा-पणजोबाच आडनाव होऊन बसले. मधल्या नावातून आडनाव तयार होताना पाहायचं तर तिथं जावं.

हे सैल आडनाव आवळलं ते इंग्रजी अमलातल्या कागदांनी. १८३५ नंतर इंदापूर तालुक्यातून गोल्डस्मिड आणि विंगेट यांच्या जमीनपाहणीला सुरुवात झाली. प्रत्येक शेताला क्रमांक आणि प्रत्येक क्रमांकाला खातेदार. मग कोर्ट, पोस्ट, आणि सर्वांत जबर म्हणजे शाळेचा पट. मास्तर जे लिहितील ते जन्माचं. दाखल्यावर तेच, नोकरीत तेच, पेन्शनच्या कागदावर तेच. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात एका मुलाचं नाव घातलं गेलं, 'भिवा रामजी आंबेडकर'. घराण्याचं आडनाव सकपाळ, गाव मंडणगड तालुक्यातलं आंबडवे, आणि आंबेडकर आडनावाच्या एका शिक्षकांमुळे आंबडवेकरचं आंबेडकर झालं असं सांगितलं जातं. महाराष्ट्रात आता ७ नोव्हेंबर विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. त्या नावातल्या दोन गोष्टी बदलल्या. भिवाचे पुढं भीमराव झाले, आणि आडनाव तर तिथवर येतानाच बदललं होतं. रामजी तेवढे होते तिथंच राहिले.

या रामजींवरूनच २०१८ च्या मार्चमध्ये उत्तर प्रदेशात मोठा गदारोळ झाला. तिथल्या सरकारने यापुढं सरकारी कागदांवर 'भीमराव रामजी आंबेडकर' असं लिहायचा आदेश काढला. संविधानाच्या प्रतीवरच्या सहीचा दाखला दिला गेला. तेव्हाचे राज्यपाल राम नाईक मराठी, आणि आग्रह त्यांचा. उत्तरेत अनेकांना त्यात रामाचं नाव घुसडण्याचा डाव दिसला. राजकारण काय असेल ते असो, मराठी माणसाला त्यात नवल वाटण्याजोगं काहीच नव्हतं. वडिलांचं नाव मुलाच्या नावात असतंच. एकाच देशात एक रीत एका भाषेकडून दुसरीकडे जाताना किती अनोळखी होते, याचं इतकं स्पष्ट उदाहरण माझ्या पाहण्यात दुसरं नाही.

मराठी साहित्याने मधल्या नावाला जे प्रेम दिलं ते इतर कुठं मिळालं नसेल. आपण 'पुलं' म्हणतो तेव्हा पुरुषोत्तमाबरोबर त्यांचे वडील लक्ष्मणही उच्चारले जातात. 'वपु'मधला 'पु' म्हणजे पुरुषोत्तम, वसंत काळ्यांचे वडील. 'गदिमा'मधला 'दि' दिगंबर. लेखकाला लाडाने हाक मारताना बापाच्या नावाचं अक्षर आपोआप ओठांवर येतं. आडनाव पुष्कळदा गळून पडतं, हे अक्षर गळत नाही.

आणि मधलं नाव बदललं की माणूसच बदलतो, हे दत्तकाच्या रिवाजात दिसतं. गजानन रंगनाथ शिरवाडकर काकांना दत्तक गेले आणि विष्णू वामन झाले. तेच आपले वि. वा. शिरवाडकर, कुसुमाग्रज. गणेश आत्माराम खांडेकर दत्तक गेले आणि विष्णू सखाराम झाले, म्हणजे वि. स. खांडेकर. दोघांचीही आडनावं तीच राहिली, बाप बदलला म्हणून नाव बदललं, आणि दोघेही पुढं ज्ञानपीठापर्यंत पोचले ते दत्तक नावाने. कवळाण्याचा गोपाळ काशीराव १८७५ साली बडोद्याच्या गादीवर दत्तक गेला आणि सयाजीराव झाला. कागलच्या घाटग्यांचा यशवंत १८८४ साली कोल्हापूरला दत्तक गेला आणि शाहू झाला. पुरुषाच्या आयुष्यात ही गोष्ट क्वचित घडायची, दत्तक गेला तरच. ती घडली की तिचा सोहळा व्हायचा, होम व्हायचा, कागद व्हायचा.

बाईच्या आयुष्यात मात्र ती प्रत्येकीच्या वाट्याला यायची. ताटात तांदूळ पसरायचे, नवऱ्याने अंगठीने त्यात नाव लिहायचं, सगळ्यांना पेढे वाटायचे. त्या दिवसापासून मुलीचं पहिलं, मधलं आणि शेवटचं अशी तिन्ही नावं एका दमात बदलायची. यमुना कुर्लेकर १८७३ साली रमाबाई रानडे झाल्या. कल्याणची यमुना जोशांच्या घरी येऊन आनंदी झाली, १८८६ साली फिलाडेल्फियात डॉक्टर झाली, आणि श्री. ज. जोशी यांनी तिच्यावर कादंबरी लिहिली तेव्हा तिचं नाव ठेवलं 'आनंदी गोपाळ', म्हणजे लग्नानंतरचं नाव आणि नवऱ्याचं नाव. शिक्षणासाठी जिवाचं रान केलेल्या या दोन्ही बायकांच्या आत एक यमुना होती आणि ती कागदावरून पुसली गेली. नवऱ्याचं नाव बायकोने थेट घ्यायचं नाही ही वेगळी रीत. ते उखाण्यात घ्यायचं. ज्याच्या नावाने तिची जन्मभर ओळख, ते नाव तिच्या तोंडी फक्त सणासमारंभाला.

बाळूताई खऱ्यांनी यातून एक वेगळी वाट काढली. १९३३ साली 'कळ्यांचे निःश्वास' हे त्यांचं पुस्तक आलं ते विभावरी शिरूरकर या नावाने. लग्नानंतर त्या मालतीबाई बेडेकर झाल्या. बापाचं नाव, नवऱ्याचं नाव आणि आपण स्वतः निवडलेलं नाव, या तिन्हींत मोकळेपणाने लिहायची मुभा त्यांना तिसऱ्या नावाने दिली. त्या निवडलेल्या नावात मधलं घर रिकामं आहे, हे मला फार बोलकं वाटतं.

आडनाव बदलल्याने काय होतं, याचं सर्वांत जळजळीत चित्र कुमुद पावडे यांच्या 'अंतःस्फोट' या पुस्तकात आहे. नागपूरच्या दलित घरातल्या कुमुद सोमकुवर संस्कृत शिकल्या, त्यात प्रावीण्य मिळवलं, पण नोकरीची दारं उघडेनात. आंतरजातीय विवाह झाला, त्या पावडे झाल्या, आणि नोकरी मिळाली. ही नोकरी सोमकुवरला मिळालेली नाही, पावडेला मिळाली आहे, असं त्यांनी स्वतःच लिहून ठेवलं आहे. तेच ज्ञान, तीच बाई. ज्यांना आडनाव म्हणजे नुसती ओळखीची चिठ्ठी वाटते त्यांनी हे प्रकरण वाचावं. आडनावावरून जात कळतेच असंही नाही. गायकवाड, जाधव, मोरे, पवार, शिंदे ही आडनावं कितीतरी जातींत आहेत. म्हणून तर भाड्याने घर देणारा आडनाव ऐकून थांबत नाही. तो मग गाव विचारतो, कुलदैवत विचारतो, जेवणात काय असतं ते विचारतो. ही उलटतपासणी अजूनही शहरांत चालते. ती झेललेल्यांच्या तोंडून ऐकताना मान खाली जाते.

लग्नानंतर नाव बदललंच पाहिजे असा कुठलाही कायदा आपल्याकडे नाही. तरी ते बदलतं, आणि मग कागदांची साखळी सुरू होते. शाळा सोडल्याचा दाखला एका नावाचा, आधार दुसऱ्या, बँक तिसऱ्या. मग राजपत्रात नावबदलाची सूचना, चर्नी रोडच्या शासकीय मुद्रणालयाची. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने 'लक्ष्मी मुक्ती'ची मोहीम काढून शेतकऱ्यांना बायकोच्या नावे जमीन करायला सांगितलं. १९९४ साली महाराष्ट्राने मुलींना वडिलार्जित मिळकतीत मुलाबरोबरीचा हक्क दिला, २००५ साली तो देशभर झाला. बाईचं नाव सात-बारावर यायला लागलं, आणि त्याबरोबर नेमकं कुठलं नाव, हा प्रश्नही आला. माझ्या आजीच्या दोन नावांमधली पोकळी तहसिलीत रोज कुणाच्या ना कुणाच्या समोर उभी राहत असेल.

परदेश प्रवासाच्या कागदांना मधलं घरच मान्य नसतं. पासपोर्टवर दोनच रकाने, आडनाव आणि उरलेलं सगळं. एकदा प्रवासाच्या तिकिटावर माझं आणि बाबांचं नाव मधे जागा न सोडता एकच शब्द होऊन छापून आलं. खिडकीमागच्या मुलीने ते तसंच, एका दमात वाचून मला हाक मारली. परक्या देशात, परक्या उच्चारांत माझ्या नावाबरोबर बाबांचं नाव ऐकू आलं आणि मला भरून आलं. ते तेव्हा हयात नव्हते.

म्हणूनच ११ मार्च २०२४ चा निर्णय मला मोठा वाटतो. १ मे २०२४ पासून जन्मणाऱ्या मुलांचं नाव सरकारी कागदांवर चार घरांत लिहायचं, असं राज्य मंत्रिमंडळाने ठरवलं. बाळाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. दहावीच्या गुणपत्रिकेवर आईचं नाव आधीपासून होतं, पण वेगळ्या रकान्यात. आता ते नावाच्या आत आलं, आणि वडिलांच्या आधी आलं. मंत्रालयातल्या पाट्या बदलल्या, तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांच्या दारावर 'एकनाथ गंगुबाई संभाजी शिंदे' अशी पाटी लागली. गौतमीपुत्राच्या नावात आईचं गोत्र होतं. इथं गंगुबाई स्वतःच्या नावाने आहेत. अठराशे-एकोणीसशे वर्षांतला एवढा फरक मला मोलाचा वाटतो. एकटीने मूल वाढवणाऱ्या बाईला शाळेच्या खिडकीवर 'वडिलांचं नाव?' या प्रश्नाला किती वेळा उत्तर द्यावं लागतं, हे जिने दिलं आहे तिलाच ठाऊक. निदान तिचं स्वतःचं नाव आता फॉर्मच्या कडेला राहणार नाही.

एक गोष्ट मात्र या निर्णयाने जशीच्या तशी ठेवली. विवाहित बाईचं नाव लिहायची पद्धत तीच, तिचं नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव. २०२४ च्या मे महिन्यात महाराष्ट्रात जन्मलेल्या मुली २०४२ साली अठरा वर्षांच्या होतील. शाळेच्या पटावर, गुणपत्रिकेवर, आधारवर आईचं नाव घेऊन वाढलेली ती पहिली पिढी असेल. त्यांच्यातली कुणी लग्न नोंदवायला जाईल, टेबलापलीकडचा कारकून फॉर्म पुढं सरकवेल आणि लग्नानंतरचं नाव विचारेल. चार घरांपैकी तीन घरांतली नावं तिथं बदलायची की नाहीत, हे तिने पेन उचलताना ठरवायचं आहे.